एक लाख पटीने जास्त: केंब्रिज, १९८२

इन्फ्लेशन म्हणजे इथे महागाई नव्हे, हे आधीच सांगून टाकू. अ‍ॅलन गूथ यांनी १९८१ साली मांडलं की जन्मानंतरच्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व प्रचंड वेगाने फुगलं. विश्व सगळीकडे इतकं एकसारखं का दिसतं, याचं उत्तर त्यातून मिळालं. पण मग पंचाईत अशी, की सगळंच एकसारखं झालं तर दीर्घिका कशातून घडल्या?

१९८२ च्या जून-जुलैत केंब्रिजला या विषयावर तीन आठवड्यांची कार्यशाळा भरली. गूथ, हॉकिंग, स्टारोबिन्स्की, बार्डीन, स्टाइनहार्ट, टर्नर, सगळे एकाच गणिताच्या मागे. (मॉस्कोत मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी स्टारोबिन्स्कींच्या प्रारूपासाठी १९८१ मध्येच असं गणित केलं होतं, हे आपण विसरता कामा नये.)

गणिताचा गाभा तसा सोपा आहे. फुगण्याला कारण असलेल्या क्षेत्रात क्वांटम चढउतार असतातच. त्यामुळे फुगणं कुठे क्षणभर आधी थांबतं, कुठे नंतर. जिथे उशिरा थांबतं, तिथली ऊर्जा विरळ व्हायला उशिरा लागते, म्हणून तिथे घनता थोडी जास्त राहते. ताणले गेलेले हे फरक प्रकाशाच्या आवाक्याबाहेर जातात, तिथे जणू गोठतात आणि पुष्कळ काळाने परत आवाक्यात येतात.

मग भांडण कशाचं? घड्याळाचं! दोन ठिकाणची घनता 'एकाच वेळी' मोजायची, तर ती एकच वेळ ठरवायची कुणी? निवड बदलली की फरकही बदलतो. घड्याळाच्या निवडीवर अवलंबून नसलेल्या राशी बार्डीन यांनी १९८० मध्ये मांडल्या होत्या. त्या इथे कामी आल्या. सुरुवातीला उत्तरं जुळत नव्हती. अखेरीस जुळली, आणि सगळ्यांचीच निराशा झाली. चढउतार सर्व लांबींवर जवळजवळ सारखे, म्हणजे हवे तसेच. पण आकाराने सुमारे १ लाख पट मोठे! ज्या महाएकीकरण प्रारूपावर भिस्त होती, ते सोडावं लागलं.

आम्हाला यात कौतुक वाटतं ते याचं, की उत्तर गैरसोयीचं असूनही कुणी ते दडपलं नाही. प्रारूप गेलं, पद्धत टिकली. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाला आकाशात १ लाखात १ भाग एवढे फरक दिसले. २०१३ मध्ये प्लांकच्या मोजणीत तो 'जवळजवळ सारखे'मधला 'जवळजवळ'ही सापडला: अगदी सारखे असते तर १ यायला हवा होता, तो घातांक आला ०.९६.