विश्रांतीकडून व्यायामाकडे

रक्त धमन्यांच्या भिंतींवर सतत दाब देत असतें, हें आज शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु तो दाब मोजण्याची कला साधण्यास फार काळ लागला. इंग्लंडांतील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनीं एका घोडीच्या धमनीस नळी जोडली, तेव्हां रक्त ८ फुटांहून अधिक उंच चढलें. हा प्रयोग १७३३ सालीं प्रसिद्ध झाला. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या साह्यानें दाब मोजण्याची सोय इटलींतील रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं केली. १९०५ सालीं रशियांतील कोरोटकॉफ यांनीं धमनीचा आवाज ऐकण्याची रीत दाखविली, आणि वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे मिळूं लागले.

रोग मोजतां आला, तरी उपाय हातीं नव्हता. डॉक्टरांचा भर विश्रांतीवर व पथ्यावर असे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्यें १८६/१०८ भरला. विश्रांति, कमी मीठ व हृदयाचें औषध असा उपचार झाला. तथापि १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. राष्ट्रप्रमुखाची ही गत, तेथें सामान्यांची काय कथा!

श्रमानें हृदय झिजतें, या समजुतीला मोठा धक्का दिला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांनीं. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं एकाच गाडीवरील दोघांची तुलना केली. चालक दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटें देत जिना चढत-उतरत असे. कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असें १९५३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. मात्र चालकांच्या विजारींची कंबर अधिक रुंद असते, हेंहि १९५६ मध्यें त्यांनींच दाखविलें. तेव्हां सारें श्रेय जिन्याला देतां येत नव्हतें.

रक्तदाबाचा प्रश्न पुढें राल्फ पॅफेनबार्गर यांनीं तपासला. हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारें १५,००० माजी विद्यार्थ्यांची माहिती १९८३ मध्यें प्रसिद्ध झाली. जोमदार खेळ न खेळणाऱ्यांस उच्च रक्तदाबाचा धोका ३५ टक्क्यांनीं अधिक आढळला. नियमित व्यायामानें रक्तवाहिन्या सैलावतात, मज्जातंतूंचा ताण उतरतो, आणि रक्तदाबाच्या रुग्णाचा वरचा आंकडा साधारण ५ ते ८ मिलिमीटर खालीं येतो, असें पुढील चाचण्यांत दिसून आलें. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगते. म्हणजे ५ दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणें.

हा लाभ पेटींत साठवून ठेवतां येत नाहीं. चालणें थांबलें कीं दाब हळूहळू पुन्हां चढतो. ज्याचा दाब फार वाढला असेल, त्यानें डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा, आणि बरें वाटलें म्हणून गोळी आपल्या मनानें सोडूं नये. रूझवेल्ट यांच्या वैद्यांपाशीं आजचीं औषधें नव्हतीं. आजच्या रुग्णापाशीं औषधहि आहे आणि मोकळा रस्ताहि आहे. दोहोंपैकीं एकानेंच भागेल, असें मात्र त्यानें समजूं नये.