वर्गणीचं बटण कुठे गेलं?

आज भुकूममध्ये आपण वेबच्या इतिहासातल्या एका हरवलेल्या बटणाविषयी बोलणार आहोत.

वर्गणी मराठी वाचकाला नवी नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, तेव्हापासून नियतकालिकं आपल्या ओळखीची आहेत. एकदा नाव नोंदवलं की अंक घरी येतो. वेबवर हे काम फीड करते. संकेतस्थळ आपल्या ताज्या लेखांची यादी एका फाइलीत ठेवतं. आपला फीड रीडर ती अधूनमधून तपासतो आणि नवं काही आलं की दाखवतो. लेखकाला आपला ईमेलसुद्धा द्यावा लागत नाही.

नेटस्केपने मार्च १९९९ मध्ये आरएसएस आणलं. २००२ पासून पानाच्या शीर्षभागात फीडचा पत्ता लिहायची रीत पडली. हा भाग वाचकाला दिसत नाही, ब्राउझरला मात्र दिसतो. म्हणून सांगायचं काम ब्राउझरचं. नोव्हेंबर २००४ च्या फायरफॉक्स १.० ने ते केलं. फीड सापडली की नारिंगी खूण दिसायची. २००६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ७ सुद्धा अशीच खूण दाखवू लागला.

मग उलटा प्रवास सुरू झाला. २०११ मध्ये फायरफॉक्स ४ ने पत्त्याच्या पट्टीतली खूण काढून मेन्यूत टाकली. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्स ६४ ने फीडची सोयच काढली. कारण दिलं ते असं, की वापरणारे फार थोडे आणि सांभाळायचा खर्च जास्त. खर्चाचा मुद्दा खरा होता. खूण समोर होती तेव्हाही बहुतेकांना ती कळत नव्हती, हेही मान्य करू. पण क्रम बघा. आधी दुकानाची पाटी काढली आणि मग गिऱ्हाईक मोजलं!

यात आपलं काय जातं? समजा, इथलं कोणी रामनदीच्या उगमाविषयी ब्लॉग लिहितं, वर्षातून तीनदा. व्हॉट्सॲपवर ती लिंक संध्याकाळपर्यंत वर सरकून जाते. रोज न लिहिणाऱ्या अशा माणसासाठीच फीड सोयीची. ब्लॉगर आणि वर्डप्रेस ती आपोआप तयार करतात. मराठी विकिपीडियाच्या पानांतही ‘अलीकडील बदल’च्या फीडचा पत्ता असतो. म्हणजे लिहिणाऱ्याकडून सगळं तयार आहे, पण विवाल्डीसारखा अपवाद सोडला तर नेहमीचे ब्राउझर त्याबद्दल बोलतच नाहीत.

म्हणून आम्हाला वाटतं, ब्राउझरने ही खूण मुळातच चालू ठेवावी, सेटिंगमध्ये पुरून नव्हे. पूर्ण फीड रीडर बांधायची सक्ती नको. ‘इथलं नवं लेखन मिळवा’ एवढं साध्या मराठीत दाखवावं, आणि दाबल्यावर कोड न दिसता आपल्या आवडीचा रीडर उघडावा. वर्गणी घ्यायची की नाही, हे वाचक ठरवेल. पण ती मिळते, हे त्याला आधी कळायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.