विवर आणि झाकण : लोणारच्या स्थळकथेचे साक्ष्यमूल्य

वऱ्हाडातील लोणारची कथा सुपरिचित आहे. लवणासुर भूमिगत निवासात राहून प्रजेला पीडा देई. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्या निवासाचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले व त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे असुराचे रक्त, तर क्षार हे त्याचे मांस. बहुतेक अभ्यासक येथेच थांबतात. परंतु ब्रिटिशकालीन गॅझेटियरमधील पुढचा तपशील अधिक मोलाचा आहे. ते झाकण म्हणजे नैर्ऋत्येस सुमारे 36 मैलांवरील एक टेकडी असून तिचा आकार विवराच्या मुखाशी जुळतो, अशी लोकांची समजूत होती.

सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा पाहणाऱ्यास प्रथम प्रश्न पडतो तो, येथील दगडमाती गेली कोठे? झाकणाची कथा हे त्याचे उत्तर होय. आयर्लंडमध्ये फिन मॅककूल या वीराने प्रतिस्पर्ध्यावर मातीचे ढेकूळ भिरकावले. खड्ड्याचे लॉक नेय सरोवर झाले आणि समुद्रात पडलेल्या ढेकळाचे आइल ऑफ मॅन बेट, असे सांगतात. उभय परंपरांत देवाणघेवाण कल्पिण्याचे कारण नाही. प्रश्न एक, म्हणून उत्तरही एक. मात्र आयरिश विद्वानांनी स्थळनामकथांना ‘दिन्शेनखस’ ही स्वतंत्र संज्ञा दिली आणि बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ या हस्तलिखितात त्या पद्यबद्ध स्वरूपात जतन केल्या. आपल्याकडील माहात्म्यांना इतिहासकारांकडून तेवढा आदर क्वचितच लाभला. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा सन्माननीय अपवाद. पण तिला असुरांशी कर्तव्य नाही, चक्रधरांच्या वास्तव्याच्या जागा नेमक्या सांगणे हेच तिचे प्रयोजन.

‘ऐन-इ-अकबरी’ लोणारला ब्राह्मण विष्णुगया म्हणतात असे नमूद करते आणि लगेच काच व साबण यांच्या कच्च्या मालाकडे वळते. असुराचे ‘मांस’ महसूल देत होते!

लोणारचे विवर ज्वालामुखीचे, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अशनीपाताचा निर्णायक पुरावा दिला. तेव्हापासून लवणासुराच्या कथेत उल्कापाताची स्मृती शोधण्याचा मोह अनेकांना होतो. विवराचे वय हजारो वर्षांत मोजावे लागते, ही अडचण बाजूस ठेवली तरी कथेचा पाठच त्याविरुद्ध जातो. तिच्यात आकाशातून काहीच कोसळत नाही. जे उडते ते जमिनीतून वर उडते.