खव्यातला स्टार्च आणि कमला सोहोनी



गेल्या दिवाळीत गुलाबजामसाठी खवा आणला होता. नववीतल्या नातीने त्यातला चमचाभर पाण्यात उकळला, गार केला आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं. "आजी, यात स्टार्च आहे!"

माझ्या पोटात गोळाच आला. भेसळीचा स्टार्च पिठाचा असतो, तसा उकडलेल्या बटाट्याचाही असतो. कुठला, ते आयोडीन सांगत नाही. जन्मभर कंदमूळ टाळलं, पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच खरेदी केली. पण सुट्या खव्याला कुठला आलाय ठिपका! तो खवा मी वापरला नाही.

तेव्हापासून मला कमला सोहोनी आठवतात. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पहिल्या येऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं: पहिलं वर्ष उमेदवारीचं, सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! त्यांनी तिथे दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, म्हणजे आपल्या रोजच्या वरणावरच. त्यांचं काम पाहून पुढे रामन यांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली.

१९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडलं. पेशीच्या श्वसनात लागणारं हे प्रथिन. आपल्या घरात बटाट्याला जागा नाही, पण त्याचा हा उपयोग कोणालाही मान्य व्हावा.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्यांचं नंतरचं काम. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी 'कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. कमलाबाई तिच्या कामात होत्या, पुढे अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या 'कीमत' या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. एवढी शिकलेली बाई घरच्या पिशवीतल्या मालाकडेही तेवढ्याच गांभीर्याने पाहत होती.

आपण तरी वेगळं काय करतो? हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. लिंबू पिळलं की परत पिवळा, कारण लिंबू आम्ल. हळद आणि चुन्याचं कुंकू करणाऱ्या बायकांना हे सूत्र न लिहिताही ठाऊक होतं. नातीच्या पुस्तकात त्यालाच दर्शक म्हणतात.

दहावीत मला रसायनशास्त्र फार आवडायचं. पण सायन्सला गेलं की बेडूक कापावा लागतो, म्हणून घरच्यांनी कॉमर्सला घातलं. जीवशास्त्र सोडून गणित आणि रसायनशास्त्र घेता येतं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

आता पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासून. नात म्हणते, "मी तिथे जाणार." घरात अजून कुरबुर चालू आहे. पण या वेळी सांगणारी मी आहे.