गोधडीचा काठ

गोधडी पहिल्यांदा कोठे फाटते, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे आम्ही म्हणू लागलो तर विद्वान मंडळी हसतील. त्यांनी खुशाल हसावे. आमचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, मजुरीचे कागद वाचता वाचता झाले. आणि ज्या कामाला वेगळे नाव नसते त्याला वेगळा दामही नसतो, एवढा धडा आम्ही तेथे पक्का केला.

गोधडी काठाला फाटते. मधला भाग धावदोऱ्याने जखडलेला असतो. एखादे ठिगळ विरले तरी चार बाजूंची ठिगळे त्याला धरून ठेवतात. काठाला असा आधार एकाच अंगाने. ओढून घेताना हात काठावर पडतो, धुताना पीळ काठाला बसतो, वाळत घातली की ओल्या कापडाचा भार काठालाच लोंबतो. म्हणून काठ कसा बांधावा याला गोधडीच्या आयुष्यात फार महत्त्व आहे.

रीती मुख्यतः चार. सर्वांत काटकसरीची म्हणजे वरचे कापड व अस्तर दोन्ही आत मुडपून तोंडाला तोंड शिवणे. हिच्यात वेगळे कापड लागत नाही, पण झीज थेट गोधडीच्या अंगावर येते. दुसरीत अस्तर चारी बाजूंनी दोन-तीन बोटे मोठे ठेवतात, ते वर घेऊन दुमडतात आणि हेम घालतात. झटपट होते, दिसतेही बरे; मात्र काठ झिजला म्हणजे अस्तरच झिजले. तिसरीत सरळ धाग्यात फाडलेली वेगळी पट्टी लावतात. ती झिजली की उसवावी, नवी लावावी. आतली गोधडी शाबूत. चौथी रीत तिरप्या कापाच्या पट्टीची. सरळ पट्टी दुमडली की घडीवर तेच एक-दोन धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत येतात, आणि ते तुटले की काठ लांबच्या लांब उघडा पडतो. तिरप्या पट्टीत प्रत्येक धागा घडीवर थोडाच येतो व पुढच्याच्या हवाली करून निघून जातो, त्यामुळे झीज साऱ्यांत वाटली जाते. संघटनेचे तत्त्व याहून सोप्या रीतीने आम्हाला कोणी समजावून दिलेले नाही.

मग सर्वांनी तिरपीच पट्टी लावावी की काय? शिवणकामाच्या पुस्तकांतून तसा सल्ला आढळतो. पण तिरपी पट्टी कापायला सलग कापड लागते आणि कोपरे वाया जातात. जिच्यापुढे जुनेर आणि चिंध्या पडल्या आहेत तिने ते सलग कापड कोठून आणावे? आमच्याकडच्या बायकांनी निराळाच मार्ग काढला. त्यांनी लुगड्याचा काठ उतरवून गोधडीला लावला. त्या काठाची वीण अंगापेक्षा घट्ट, धागा दाट, आणि बाहेरची कड मागावरच बांधलेली असल्याने तिचे दोरे सुटत नाहीत. अंग विरून जाळी झाली तरी काठ पुष्कळदा धडका असतो. पट्टी सरळच, पण विणकराची मेहनत तिच्यात आधीच भरलेली. हिशेबही पाहा. 7 फूट लांब व 5 फूट रुंद गोधडीचा घेर 24 फूट, म्हणजे 8 वार. नऊवारी लुगड्याचे दोन काठ मिळून 18 वार. एका लुगड्यात दोन गोधड्यांची सोय होऊन वर थोडे उरते.

रीतीइतकाच क्रमही महत्त्वाचा आहे. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेली माणसे निसटून त्या रानांत शिरली. आजच्या सिद्दींपैकी अनेकजण त्यांचे वंशज. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. सिद्दी बाई एका कोपऱ्यापासून आरंभ करते, चारी बाजूंनी काठ दुमडून पक्का करते आणि मग फेऱ्या घालीत मध्याकडे येते. कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे बसवते, त्यांना फुला म्हणतात. फुलांवाचून कवंद उघडे समजतात. आपल्याकडेही अनेक गोधड्यांत टाका काठाकडून आत चालतो. युरोप-अमेरिकेत मात्र थर चौकटीवर ताणून आधी अंग शिवण्याची आणि पट्टी सर्वांत शेवटी लावण्याची चाल रूढ आहे. एकीकडे काठ म्हणजे कामाचा पाया; दुसरीकडे काम झाल्यावरची आवराआवर. घरच्या गोधडीत या फरकाने कोणाचे काही बिघडत नाही. गोधडी बाजारात गेली की बिघडते.

ती बाजारात गेली गिरण्यांमुळे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. 1861 मध्ये रणछोडलाल छोटालाल यांची गिरणी अहमदाबादेस सुरू झाली. गिरणीतून कापड निघाले तशा कोऱ्या चिंध्याही निघाल्या. व्यापारी त्यांचे गठ्ठे घेत व घरोघर शिवायला देत. या चिंध्यांना लुगड्यासारखा काठ नव्हता आणि शिवणारीला तो निवडण्याची मुभाही नव्हती. अहमदाबादेत चिंध्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका बहुतेक मुसलमान मोहल्ल्यांतल्या. मशीन त्यांचे, जागा त्यांची, दर व्यापाऱ्याचा. इला भट्ट यांनी 1972 मध्ये ‘सेवा’ ही संघटना काढली तेव्हा नोंदणी कचेरीत अडचण निघाली, की मालकच दिसत नाही तर कामगार संघटना कोणाविरुद्ध? नोंदणी अखेर झाली. पुढे त्या दशकात खोळीवाल्या बायका संघटनेत येऊन दरासाठी भांडल्या. घरी बसून काम करणारालाही इतर मजुरांइतकेच हक्क असावेत असा करार आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत 1996 मध्ये मंजूर झाला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

आमच्याच कामातील एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि व्यापाऱ्याचे नाव येथे नको. गोधडीला दर चौरस फुटावर, आणि काठ ‘फिनिशिंग’ म्हणून त्यातच धरलेला. आम्ही पाटीवर हिशेब मांडला. 24 फुटांच्या घेराला हेम घालायची, इंचाला चार टाके धरले तर एका अंगाचे 1,152 टाके होतात. बाळाचे दुपटे 3 फूट बाय अडीच फूट. क्षेत्र साडेसात चौरस फूट, घेर 11 फूट. म्हणजे दुपट्यात चौरस फुटामागे जवळजवळ दीड फूट काठ. मोठ्या गोधडीत तो पाऊण फुटाहूनही कमी. दर मात्र दोन्हींना एकच! दुपटी शिवणाऱ्या बायका दुप्पट काठ फुकट बांधत होत्या, आणि काठ वाकडा आला म्हणून कापून घेतलेले पैसे निराळेच.

काठाला फुटावर वेगळा दर द्या, अशी मागणी केली. व्यापारी चतुर. तो म्हणाला, मग वेगळी पट्टी नकोच, अस्तरच वर दुमडा, वेळ वाचेल. आमच्यातली तरुण मंडळी याला तयार झाली होती. तेव्हा एक वयस्क बाई उठून म्हणाली, “साहेब, दोन वर्षांनी काठ गेला म्हणजे लोक तुम्हाला न्हाई, शिवणारणीला नावं ठेवतील. पट्टी ऱ्हाईल. तिचे पैसे बोला.”

सात आठवडे बोलणी चालली. दुपट्यांच्या काठाला फुटावर वेगळा दर मिळाला, काठासाठीची कपात बंद झाली. मोठ्या गोधडीचा काठ अजून चौरस फुटाच्या दरातच धरला जातो. पुढच्या बैठकीला पाटी आम्ही बरोबर नेणार आहोत.