वाशीम मुलखातील नेत्रदाह

वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणून राजधानीचे वैभव भोगलेले, १८५३ मध्ये निजामाच्या अमलातून वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले, काही काळ जिल्ह्याचा दर्जा मिळूनही १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झालेले आणि १ जुलै १९९८ रोजी तो दर्जा पुन्हा लाभलेले वाशीम राजवटींच्या दप्तरांत ठळक दिसते. तेथील रयतेच्या दुखऱ्या डोळ्यांचा इतिहास मात्र दप्तरांपेक्षा औषधांतूनच वाचावा लागतो.

सुश्रुताने ७६ नेत्ररोग वर्णिले आणि बहुतेकांचे मूळ अभिष्यंदात, म्हणजे आपल्या डोळे येण्यात, पाहिले. दारुहळदीचे रसांजन हा त्यावरचा प्राचीन उपाय. खुपऱ्यांची गोष्ट अधिक क्रूर. पापणीच्या आतील दाह वारंवार होऊन व्रण पडतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासून दृष्टी हिरावतात. त्यावर पापणी उलटवून मोरचूद घासण्याचा उपचार होता, ज्याला उपचार म्हणावयास मन धजत नाही. १९५७ मध्ये चिनी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तांग फेइफान यांनी या रोगाचा जंतू वेगळा केल्याचे प्रसिद्ध झाले. भारताची खुपऱ्यांविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९६३ मध्ये सुरू झाली, आणि सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून खुपऱ्यांचे निर्मूलन झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले.

तथापि प्रत्येक लाल डोळा म्हणजे डोळे येणे नव्हे. डोळ्याच्या मधल्या पटलाच्या दाहात वेदना होतात, उजेड सोसत नाही. तेथे बाहुली विस्फारणारे अट्रोपीन आणि स्टेरॉइड लागते. तेच स्टेरॉइड बुबुळाच्या विषाणुजन्य व्रणात घातक ठरते. म्हणून वाचकहो, घरातील उरलेले थेंब डोळ्यांत घालू नका.