आत किती, बाहेर किती: गर्भाशयाच्या अस्तराचं यंत्र आणि ते लावणारी सिस्टर

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज एका कागदापासून सुरुवात करतो. ऑपरेशन थिएटरमध्ये भिंतीलगतच्या टेबलावर ठेवलेला साधा कागद, त्यावर दोन रकाने. एकावर लिहिलंय 'आत', दुसऱ्यावर 'बाहेर'. दर काही मिनिटांनी एक सिस्टर स्टँडवरच्या बाटल्या बघते, खाली सक्शनची बरणी बघते, दोन आकडे लिहिते, वजाबाकी करते आणि मोठ्यानं सांगते, "सर, सहाशेचा फरक आहे." डॉक्टरांचे डोळे पडद्यावर असतात. ते नुसती मान हलवतात. पुन्हा थोड्या वेळानं, "सर, नऊशे." आता मात्र हात थांबायला हवा. थांबला नाही तर काय होतं, ते आजच्या भागात पुढे येईलच.

ऑपरेशनचं नाव एंडोमेट्रियल ॲब्लेशन. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं, दर महिन्याला तेच पाळीतून बाहेर पडतं. काही बायकांना अंगावरून इतकं जातं की रक्त कमी होऊन त्या उठू शकत नाहीत. गोळ्यांनी भागलं नाही तर पूर्वी एकच मोठा उपाय होता, पिशवी काढणं. ॲब्लेशनमध्ये पिशवी जागेवर राहते, फक्त आतलं अस्तर जाळून किंवा कातरून टाकतात. ज्यांना पुढे मूल नको आहे त्यांच्यासाठीच हे आहे. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण यात गैरसमज फार होतो: हे संततिनियमन नव्हे. नंतर दिवस राहिले तर ते धोक्याचं असतं.

याचा इतिहास वाचायला गेलात तर डॉक्टरांच्या नावांची रांग लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियात आणि जर्मनीत काहींनी चक्क वाफ सोडून अस्तर भाजलं. १९३७ साली जर्मनीत बार्डेनहॉयर यांनी विजेच्या लहरी वापरल्या. नंतर थंडीनं गोठवायचे प्रयोग झाले. हे सगळं मी भरभर सांगतोय, कारण ते आत काही न बघता, अंदाजानं केलेलं काम होतं आणि फारसं रुळलं नाही.

पण विजेचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगतो. १ ऑक्टोबर १९२६, बोस्टन. हार्वी कुशिंग हे मेंदूचे मोठे सर्जन, आणि त्यांच्यासाठी विजेचं यंत्र बनवणारे विल्यम बोव्ही. बोव्ही सर्जन नव्हते. त्या दिवशी शस्त्र कुशिंग यांच्या हातात होतं आणि यंत्राशी स्वतः बोव्ही होते. ज्यानं बनवलं तोच चालवतोय, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पण बोव्ही काही प्रत्येक हॉस्पिटलात येणार नव्हते. मग बटण फिरवणार कोण? आजवरच्या थिएटरमध्ये या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'सिस्टर' हेच राहिलंय. तिला ते शिकवलं कुणी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आता १९८१. डेट्रॉइटमध्ये मिल्टन गोल्डराथ यांनी दुर्बिणीतून बघत लेसरनं अस्तर जाळलं आणि २२ बायकांचा अनुभव छापला. इथून आधुनिक काळ सुरू होतो. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, ॲलन डीचर्नी आणि मेरी लेक पोलन यांनी रिसेक्टोस्कोप वापरला. हे हत्यार मूळचं युरॉलॉजीतलं, प्रोस्टेट खरवडायचं. टोकाला तारेचा फास, त्यातून वीज. लेसरपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि युरॉलॉजीच्या थिएटरमध्ये आधीपासून पडलेलं.

अडचण अशी की गर्भाशय ही रिकामी खोली नव्हे. त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. दुर्बिणीतून दिसायचं तर आत दाबानं पाणी भरून ती फुगवावी लागते. आणि त्या काळच्या तारेला साधं सलाईन चालत नसे, कारण मिठाच्या पाण्यातून वीज पसरून जाते. साधं डिस्टिल्ड पाणीही नको, रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात. म्हणून ग्लायसीनचं दीड टक्क्याचं द्रावण वापरायचे. कातरताना शिरा उघड्या पडतात आणि दाबाखालचं ते द्रावण रक्तात शिरतं. थोडं गेलं तर शरीर निभावून नेतं. जास्त गेलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, मेंदूला सूज येते.

युरॉलॉजीवाल्यांना हे ठाऊक होतं, प्रोस्टेटच्या पेशंटांमध्ये त्यांनी ते अनेक वर्षं पाहिलं होतं. पण स्त्रीरोगाच्या थिएटरमध्ये पेशंट वेगळी होती. १९९२ साली अयुस, व्हीलर आणि एरीफ यांचा अभ्यास आला. ऑपरेशननंतर सोडियम उतरून मेंदूवर परिणाम झालेल्यांपैकी कोण दगावतं, कुणाला कायमची इजा होते, हे त्यांनी पाहिलं. पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये ते प्रमाण पुरुषांच्या सुमारे २५ पट निघालं. आणि ॲब्लेशन करून घेणारी बाई म्हणजे नेमकी पाळी चालू असलेलीच.

म्हणून तो कागद. आणि म्हणून ती वजाबाकी.

वजाबाकी ऐकायला चौथीच्या गणितासारखी वाटते. पण थिएटरमधली वजाबाकी बघा. तीन लिटरच्या पिशवीवर तीन लिटर छापलेलं असतं, प्रत्यक्षात कंपनी थोडं जास्तच भरते. दोन-तीन पिशव्या संपल्या की ते 'थोडं' एवढं होतं की हिशोबाला फरक पडावा. पायांच्या खाली बांधलेल्या प्लास्टिकच्या झोळीत काही पाणी जमतं, काही चादरीत मुरतं, काही जमिनीवर. मग ते 'बाहेर' धरायचं का? आणि किती? सक्शनची बरणी भरली, दुसरी लावली, पहिलीचा आकडा लिहायचा राहून गेला. अशा वेळी कागद खोटं बोलतो.

दाबाचंही तसंच. पंप नसेल तेव्हा पिशवी जितकी उंच तितका दाब जास्त. एक मीटर उंचीला पाऱ्याचे साधारण ७४ मिलिमीटर. 'नीट दिसत नाहीये' म्हणून स्टँड फूटभर वर चढवला की दाब बाविसेक मिलिमीटरनं वाढला. ज्या सिस्टरला हे समजावून सांगितलंय ती चढवण्याआधी विचारते. जिला सांगितलेलं नाही ती सांगितलेलं काम करते, आणि त्यात तिचा काय दोष?

पुढे मर्यादा ठरल्या. ग्लायसीनसारख्या द्रावणाला साधारण एक लिटरचा फरक, सलाईनला निरोगी पेशंटमध्ये अडीच लिटर. त्यानंतर थांबायचं. पण मर्यादा कागदावर असून भागत नाही. ती ओरडून सांगायची मुभाही असावी लागते.

नुसतं यंत्र चुकीचं जोडलं तर काय होतं, तेही त्याच सुमारास दिसलं. लेसरच्या तंतूच्या टोकाला नीलमण्याचं टोक बसवत. ते तापू नये म्हणून त्याच नळीतून वायू सोडून गार ठेवत. पोटाच्या किंवा इतर उघड्या ऑपरेशनात ते चालून जाई. तेच टोक गर्भाशयात घातलं, तर बंद पोकळीत दाबानं वायू सुटला, उघड्या शिरांतून रक्तात गेला, हृदयाशी पोचला. मृत्यू झाले. १९८९ मध्ये बॅगिश आणि डॅनियल यांनी ते छापलं. लेसर बिघडलेलं नव्हतं, टोकही बिघडलेलं नव्हतं. एका ठिकाणची जोडणी दुसऱ्या ठिकाणी आणली, एवढंच.

नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये हे ऑपरेशन इतकं पसरलं की देशभराची पाहणी झाली. तिचं नाव मिसलटो, १९९७ मध्ये छापली गेली, दहा हजारांहून जास्त बायकांची नोंद. पद्धतीप्रमाणे धोका बदलतो हे त्यातून आकड्यांत दिसलं. नुसत्या तारेच्या फासानं कातरण्यात भोक पडण्याचा धोका लेसर किंवा विजेच्या फिरत्या गोळ्यापेक्षा जास्त होता.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जे घडलं ते मी हा भाग तयार करताना सारखं डोक्यात होतं. ऑपरेशन ॲब्लेशनचं नव्हतं, गर्भाशयातली गाठ काढायचं होतं, पण यंत्रणा याच घराण्यातली: दुर्बीण, वीज आणि दाबानं सोडलेलं सलाईन. यंत्र नवं कोरं. थिएटरमधल्या नर्सेसना त्याचं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. मग यंत्राची बटणं कोण फिरवत होतं? कंपनीचा विक्रेता. डॉक्टर नाही, नर्स नाही, माल विकायला आलेला माणूस. सलाईन प्रमाणाबाहेर शरीरात गेलं आणि तिशीतली ती बाई गेली. राज्याच्या आरोग्य खात्यानं चौकशी केली आणि रुग्णालयाला ३० हजार डॉलर दंड केला.

१९२६ मध्ये बोव्ही यंत्राशी उभे होते तेव्हा ते कौतुकाचं होतं. सत्तर वर्षांनी कंपनीचा माणूस त्याच जागी उभा राहिला. मधल्या काळात ती जागा कायदेशीरपणे कुणाची, हे कुणी नीट ठरवलंच नव्हतं. माझं मत विचाराल तर दंड दीड माणसाच्या पगाराएवढा वाटतो, पण ते असो.

गंमत म्हणजे डिसेंबर १९९७ मध्येच अमेरिकेच्या एफडीएनं पहिल्या फुग्याला मान्यता दिली. थर्माचॉईस. कल्पना न्यूयॉर्कच्या रॉबर्ट न्यूवर्थ यांची. गर्भाशयात फुगा घालायचा, त्यात ग्लुकोजचं पाणी भरायचं, ८७ अंशांपर्यंत तापवायचं, आठ मिनिटं. ना उघड्या शिरांत पाणी जायची भीती, ना कातरायचं कौशल्य. २००१ मध्ये तर गरम सलाईन खेळवणारं, गोठवणारं आणि नोव्हाशुअर अशी तीन यंत्रं आली. २००३ मध्ये मायक्रोवेव्ह. यंत्र स्वतःच दाब मोजतं, वेळ मोजतं, काही चुकलं तर बंद पडतं.

मग सिस्टरचं काम संपलं का? बदललं. नोव्हाशुअरचंच बघा. जाळीदार त्रिकोणी पंखा आत जाऊन उघडतो. डॉक्टर सळईनं गर्भाशयाची एकूण लांबी मोजतात, त्यातून मुखाच्या नळीची लांबी वजा करतात. पुन्हा वजाबाकी! उरलेली लांबी आणि पंख्याची रुंदी सेंटीमीटरमध्ये यंत्रात टाकायची, ती टाकते बहुधा बाहेर उभी असलेली सिस्टर. यंत्र लांबी गुणिले रुंदी गुणिले साडेपाच करतं, तेवढे वॅट सोडतं. लांबी पाच, रुंदी चार असेल तर ११० वॅट. मास्कमागून 'पाच' म्हटलेलं 'सहा' ऐकू आलं तर १३२. म्हणून चांगल्या ठिकाणी शिकवतात की आकडा ऐकायचा, परत मोठ्यानं म्हणायचा, 'हो' आल्यावरच बटण दाबायचं.

त्याआधी यंत्र कार्बन डायऑक्साइड सोडून भिंतीला भोक नाही ना, हे तपासतं. चाचणी नापास झाली की पुढे जात नाही. आता नापास होण्याची दोन कारणं असतात. एक, मुखाशी वायू गळतोय, ते साधं. दुसरं, खरंच भोक पडलंय, आणि पलीकडे आतडं आहे. यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात. घाईच्या वेळी प्रत्येकाला पहिलंच कारण खरं वाटतं. जोडण्या तपासून झाल्या, मुख घट्ट धरून झालं, तरी चाचणी नापासच, तर थांबायचं, हे सांगणारी व्यक्ती खोलीत हवी. कंपनीच्या अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकात प्लग कुठे लावायचा ते कळतं. समोरच्या मोठ्या डॉक्टरांना 'सर, थांबूया' कसं म्हणायचं ते कळत नाही.

ब्रिटनमध्ये यावर थोडं वेगळं वळण आलं. तिथे नर्सेसनी स्वतः दुर्बिणीची तपासणी करावी म्हणून ब्रॅडफर्ड विद्यापीठानं अभ्यासक्रम सुरू केला. भूल न देता बाह्यरुग्ण विभागात ही कामं होऊ लागली तेव्हा आणखी एक भूमिका नावारूपाला आली. पेशंटच्या उशाशी बसून तिच्याशी बोलत राहणारी नर्स. तिला ते म्हणतात 'व्होकल लोकल', म्हणजे बोलण्यातून दिलेली स्थानिक भूल. आपल्याकडच्या घोषणेशी काही संबंध नाही बरं का! पण ती फक्त गप्पा मारत नाही. बाईचा चेहरा, श्वास, एकदम गप्प होणं, हे सगळं तीच बघत असते.

आपल्याकडचा एक संदर्भ दिल्याशिवाय राहवत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी साडेतेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती, कितीतरी जणींची ऐन तरुण वयात. ॲब्लेशनचं यंत्र असतं तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही. तिथली कारणं पाळीपेक्षा मुकादमाच्या खाड्याशी जास्त जोडलेली आहेत. पण पिशवी काढण्याआधी मधल्या पायऱ्या असतात, आणि त्या पायऱ्या यंत्र विकत घेऊन तयार होत नाहीत. यंत्र लावता येणारी, बंद करता येणारी माणसं लागतात.

एका ओटीत वीस-बावीस वर्षं काढलेल्या सिस्टरशी या भागासाठी बोललो. पंप आता स्वतःच फरक दाखवतो, काट्यावर पिशव्या टांगलेल्या असतात, सगळं पडद्यावर येतं. तरी त्या कागदावर दोन रकाने आखतातच. विचारलं, का? म्हणाल्या, "पंपाच्या काट्याला कुणाचा धक्का लागला की आकडा उडी मारतो. माझ्या कागदाला धक्का लागत नाही." नव्या मुलींना त्या पहिल्या दिवशी यंत्राला हातच लावू देत नाहीत. एक रिकामी पिशवी, एक बादली आणि एक मोजपात्र देतात, आणि म्हणतात, आधी हे मोजून दाखव.

पुढच्या भागात निर्जंतुकीकरणाच्या ऑटोक्लेव्हची गोष्ट. प्रश्न असतील तर खाली लिहा. भेटू.